तांडेलचाचांचा देवमासा

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या शिनोलीहून समुद्र फार लांब. मोठं पाणी म्हणजे डिंभे धरणाचं, एवढीच आमची ओळख. तरीही गेल्या जानेवारीत मी, माझी मुलगी आणि माझा एक जुना विद्यार्थी असे तिघे राजापूर तालुक्यातल्या साखरी नाट्यासमोर फायबरच्या लहान होडीतून देवमासा शोधायला गेलो होतो. गावात अनेकांनी हसून विचारलं, “गुरुजी, निवृत्त झाल्यावर हे काय सुचलं?” मी हसण्यावारी नेलं. खरं कारण सांगायला लाज वाटत होती. ते आज इथं लिहितो आहे, कारण तसा शब्द मी एका माणसाला दिला आहे.

डीएड झाल्यावर मला रत्नागिरी जिल्हा परिषदेत शिक्षकाची नोकरी लागली. आमच्या भागातल्या बऱ्याच शिक्षकांची सुरुवात कोकणातच झाली आहे. आंतरजिल्हा बदली होऊन पुणे जिल्ह्यात परत येईपर्यंत आठ वर्षं मी तिकडे काढली. साखरी नाटे आणि आसपासचा परिसर म्हणजे मुस्लिम मच्छीमारांची दाट वस्ती. लोकांनी मला घरच्यासारखं सांभाळलं. एकट्या माणसाची चूल कशाला पेटवता, म्हणून कुणाच्या तरी घरून तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं सालन यायचंच. त्यातही एक घर जवळचं होतं. त्या घरच्या कर्त्या माणसाला सगळे तांडेलचाचा म्हणत. स्वतःची होडी, स्वतःची जाळी, बोलणं कमी आणि पाच वक्ताचे नमाजी. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात चौथीत होता.

१९९६ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. तांडेलचाचा एक दिवस दुपारी उशिरा परतले ते जाळ्याशिवाय. नवं जाळं, तेही मासळीच्या व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम उचलून घेतलेलं. त्यांनी सांगितलं ते असं : जाळ्यात प्रचंड मोठा देवमासा अडकला होता. डोक्यावर गाठी गाठी, आणि दोन्ही बाजूंना होडीच्या निम्म्या लांबीचे, खालून पांढरेफटक हात. तो धडपडत होता, वर येऊन श्वास टाकत होता. चाचांनी कोयता घेतला आणि जाळं कापून टाकलं. का कापलं, असं कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “ज्याच्या पोटात अल्लाहने आपला नबी सांभाळला, त्याच्या जातीला मी जाळ्यात मरू देऊ?” हजरत युनूस अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. चाचांनी तो नुसता ऐकला नव्हता, वेळ आली तेव्हा पाळला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात चित्रकलेचा तास होता. चाचांच्या मुलाने देवमासा काढला. अंगाच्या एक तृतीयांश लांबीचे पंखासारखे हात, डोक्यावर ठिपके. मी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की असे लांब हातांचे देवमासे थंड समुद्रात राहतात, बर्फाच्या प्रदेशाजवळ. मी ते चित्र हातात घेतलं, सगळ्या वर्गाला दाखवलं आणि म्हणालो, “हा मासा आपल्या समुद्रात नसतो. डोळ्यांनी पाहिलेलं काढावं, ऐकीव काढू नये.” आणि चित्रावर लाल फुली मारली. मुलं हसली.

एवढ्यावर थांबतं तरी बरं होतं. दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर तो व्यापारी भेटला. त्याने सरळ विचारलं, “गुरुजी, तुम्ही शिकलेले. लांब पांढऱ्या हातांचा देवमासा असतो का आपल्या दर्यात?” मी चहाचा घोट घेत म्हणालो, “नाही. असा मासा इकडे नसतो.” माझ्या लेखी तो सामान्य ज्ञानाचा प्रश्न होता. व्यापाऱ्याच्या लेखी तो निकाल होता. चाचांनी जाळं निष्काळजीपणाने घालवलं आणि वर गोष्ट रचली, असं गावात पसरलं. आगाऊ रक्कम लगेच परत मागण्यात आली. त्या पावसाळ्याआधी चाचांनी होडी विकली आणि दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागले. मला मात्र ते पहिल्यासारखाच सलाम करत राहिले. माझ्या घरी भाकरी येणंही बंद झालं नाही. त्या वेळी मला त्यात काही खटकलं नाही, हे आज जास्त खटकतं.

पुढं माझी बदली झाली. संसार, मुलं, शाळा यांत वर्षं गेली. माझी मुलगी प्राणिशास्त्र घेऊन शिकली. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती मोबाइलवर वाचता वाचता म्हणाली, “अब्बा, ऐका ना. लोबान नावाची एक देवमाशाची मादी आहे.” आपल्या घरात गुरुवारी लोबान जाळतात तोच शब्द, अरबीत लुबान. ओमानच्या मसिराच्या आखातात २०१७ च्या नोव्हेंबरात शास्त्रज्ञांनी तिच्या अंगावर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र लावलं. ती अरबी समुद्र ओलांडून भारताकडे आली, गोव्यासमोरून केरळच्या बाजूने खाली मन्नारच्या आखातापर्यंत गेली. मुलीने चित्र दाखवलं. डोक्यावर गाठी, दोन्ही बाजूंना लांबच लांब, पांढरट हात. इंग्रजीत याला हंपबॅक म्हणतात, म्हणजे कुबड असलेला देवमासा. माझ्या डोळ्यांसमोर ती लाल फुली उभी राहिली.

त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्या काही दिवसांत मुलीकडून मी सगळं समजून घेतलं. जगातले बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात थंड समुद्रात खायला जातात आणि हिवाळ्यात उबदार पाण्यात पिल्लं द्यायला येतात. माझ्या पुस्तकात होतं ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र कुठेच जात नाहीत. मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याला खोल तळाचं थंड पाणी वर येतं, त्याबरोबर मासळीचं खाद्य वर येतं, म्हणून त्यांचं पोट इथंच भरतं. त्यांच्या आनुवंशिक तपासणीवरून असं दिसतं की सुमारे ७० हजार वर्षं ते इतर समुद्रांतल्या आपल्या भाऊबंदांपासून वेगळे राहिले आहेत. पूर्ण वाढलेला हंपबॅक तेरा-चौदा मीटरचा, म्हणजे आमच्या एसटी गाडीपेक्षाही लांब. आणि हात चार-साडेचार मीटरचे. ओमानच्या पाण्यात त्यांची संख्या काढली तेव्हा अंदाज आला अवघा ८२ चा.

इतके कमी का उरले, त्याचंही एक कारण कळलं. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत रशियाच्या शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर एका महिन्यात २३८ हंपबॅक मारले. आदल्या वर्षीचे धरून २४२. ही शिकार नियमबाह्य होती, म्हणून आकडे दडवून ठेवले गेले. सोव्हिएत राज्य गेल्यावर युरी मिखालेव्ह या शास्त्रज्ञाने ते १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या समुद्रात हे मासे नोव्हेंबरातही असतात, याचा हा मोठा लेखी पुरावा मारणाऱ्यांच्याच वहीतून बाहेर आला, आणि तोही मी चित्रावर फुली मारल्यानंतरच्या वर्षी.

म्हणजे १९९६ मध्ये मला हे माहीत असणं शक्य नव्हतं. मुलगी मला समजवायला हेच म्हणाली. पण माझं मन मानेना. माहीत नसणं हा गुन्हा नव्हे. मला माहीत नव्हतं तर “मला माहीत नाही” असं मी म्हणायला हवं होतं. ते तीन शब्द मी बोललो असतो, तर एका माणसाची होडी कदाचित वाचली असती. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात की अल्लाहचा हक्क चुकला तर तौबा आहे, पण माणसाचा हक्क मारला तर त्या माणसाकडेच माफी मागावी लागते. मी चौकशी केली. तांडेलचाचा सात वर्षांपूर्वीच अल्लाहला प्यारे झाले होते. मुलाचा नंबर मिळाला. फोनवर मी एवढंच म्हणालो, “बाळ, मला तुझ्याबरोबर दर्यावर यायचंय. तो देवमासा शोधायला.” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “या गुरुजी. जानेवारीत या. तेव्हा दर्या शांत असतो.”

मुलगी माझ्याबरोबर यायला निघाली तेव्हा घरात कुरबूर झाली. “पोरीला कशाला दर्यावर?” असं तिची आई म्हणाली. मुलगी म्हणाली, “अम्मी, अब्बांना पोहता येत नाही, मला येतं.” यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. पुण्याहून रात्रीची एसटी पकडून अणुस्कुरा घाटाने आम्ही सकाळी राजापुरात उतरलो, तिथून नाट्याला. तो स्टँडवर उभा होता. कानाजवळचे केस पांढरे झालेले. वाकून सलाम केला आणि माझी पिशवी हातातून घेतली.

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज पढून आम्ही निघालो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, पाणी सपाट असतं. दुपारच्या आधी खारा वारा उलटा सुरू झाला की लाटांना फेस येतो. मग फेसात काही ओळखू येत नाही आणि लहान होडीला तिथं थांबणंही बरं नाही. म्हणून शोधायचं ते सकाळच्या पाच-सहा तासांत. त्याने आम्हाला लाइफ जॅकेट घालायला लावलं, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतले. वीस वाव पाण्यात पोहोचलो तेव्हा मागची डोंगररांग धुरकट रेघ झाली होती.

देवमासा शोधायचा म्हणजे काय करायचं, हे मला तिथं समजलं. मासा शोधायचाच नसतो, श्वास शोधायचा असतो. तो आपल्यासारखाच हवेवर जगतो. वर आला की दोन-तीन मीटर उंच फवारा उडतो. ते पाणी नसतं, त्याचा उच्छ्वास असतो. शांत समुद्रावर तो लांबून दिसतो, आणि वारा पडलेला असेल तर ऐकूही येतो. काही श्वास घेऊन तो पाठीची कमान करतो, शेपूट वर काढतो आणि बुडी मारतो. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, माणसाच्या अंगठ्यासारखे. त्यांच्या फोटोंवरूनच शास्त्रज्ञ एकेका देवमाशाची ओळख ठेवतात. बुडी मारल्यावर पाण्यावर तेल सांडल्यासारखी गुळगुळीत चकती राहते. मग तो पाच-दहा मिनिटांनी, कधी त्याहून उशिरा, कुठे वर येईल याचा नेम नाही. तो दिसलाच तर त्याच्या वाटेत जायचं नाही, पाठलाग करायचा नाही, मशीन बंद करून लांब उभं राहायचं.

दर अर्ध्या तासाने तो मशीन बंद करी. मग दहा मिनिटं आम्ही तिघं तीन दिशांना तोंड करून बसत असू. होडीच्या तळाला पाण्याचा चुबूकचुबूक आवाज, बाकी काही नाही. मुलगी वहीत वेळ, जागा, वारा, लाट आणि काय दिसलं ते लिहीत होती. एकदा तिने “ते बघा!” म्हणून हात केला आणि माझा श्वास अडकला. राखाडी पाठी वर आल्या, आणि त्यांवर कुबडही होतं. पण ते होते कुबडवाले डॉल्फिन, पाच-सहा. खाडीच्या तोंडाजवळ ते नेहमीचेच, असं तो म्हणाला. पुढं एक कासव दिसलं, पाठीवर उन्हाला पक्षी घेऊन तरंगणारं. दोनदा मी लांबची फुटणारी लाट फवारा समजलो.

नऊच्या सुमारास मशीन बंद असताना मी बोलायचं ठरवलं. रात्रभर जुळवलेली वाक्यं विसरलो. “तुझ्या चित्रावर मी फुली मारली होती,” एवढंच बोललो. “आणि तुझ्या बाबांना खोटं पाडलं. मला माफ कर.”

तो पाण्याकडे बघत होता. म्हणाला, “गुरुजी, चित्राचं मी विसरलो होतो. बाबांचं नाय विसरलो.” मग सांगू लागला. होडी गेल्यावर त्याचं शिक्षण दहावीला सुटलं. आपल्या कोकणातली निम्मी घरं जशी आखातावर चालतात तसाच तोही ओमानला गेला, धोफारकडच्या किनाऱ्यावर एका बोटीवर काम करायला. २०१२ मध्ये एका सकाळी त्यांच्या बोटीजवळ एक देवमासा वर आला. डोक्यावर गाठी, लांब पांढरे हात. त्याने एक हात पाण्यावर आपटला, तो आवाज अजून कानात आहे, म्हणाला. संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. “बाबा, तुमचा मासा पाहिला.”

“काय म्हणाले चाचा?” मी विचारलं.

“म्हणाले, मला ठाऊक होतंच. मला नको सांगू. गुरुजींना सांग. त्यांच्या मनात शंका राहिली असेल.”

मला पुढं काही बोलता आलं नाही. चाचांनी मला दोष दिला नव्हता, निरोप दिला होता. आणि तो माझ्यापर्यंत पोहोचायला इतकी वर्षं लागली, कारण बदली झाल्यावर मी त्या घराला एक पत्रही टाकलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्याने मशीन सुरू केलं आणि म्हणाला, “माझ्या बाजूने माफ हाय गुरुजी. पण एक करा. तुम्ही लिहिता. हे लिहा. छापून आलं की मी गावात दाखवीन.”

साडेअकराला खारा वारा सुटला आणि आम्ही होडी वळवली. देवमासा दिसला नव्हता. मुलीने वही माझ्या हातात दिली. लाट उसळत होती, तिला दोन्ही हातांनी धरून बसायचं होतं. “शेवटची नोंद तुम्ही करा अब्बा.” मी वेळ लिहिली आणि पुढं लिहिलं, ‘देवमासा नाही.’ तिने डोकावून पाहिलं. “अब्बा, ‘नाही’ लिहू नका. ‘दिसला नाही’ लिहा.” मग समजावलं : किती तास, कुठल्या पाण्यात, कसल्या वाऱ्यात शोधलं आणि दिसला नाही, याचीही नोंद शास्त्राला लागते. फक्त दिसलेलेच लिहिले तर शोध किती झाला ते कळणार नाही, आणि संख्येचा अंदाजही बांधता येणार नाही. रिकामं पानही कामाचं असतं, पण त्यावर खरं लिहिलेलं पाहिजे.

मी ‘नाही’च्या आधी ‘दिसला’ लिहिलं. साठीच्या उंबरठ्यावर मुलीने माझी वही तपासली आणि ती बरोबर होती.

खरं तर हे मला शिनोलीतच कळायला हवं होतं. आमच्या जुन्नर-आंबेगावात उसाच्या शेतात बिबट्या असतो. कित्येकांनी आयुष्यात तो पाहिलेला नसतो. पण बांधावर पाऊल उमटलेलं असतं, शेजाऱ्याची शेळी गेलेली असते, आणि संध्याकाळी पोरांना एकटं सोडायचं नाही हे प्रत्येक आईला माहीत असतं. “मला दिसला नाही म्हणजे बिबट्या नाही” असं आमच्याकडे कुणी म्हणणार नाही. मग जन्मभर दर्यावर राहिलेल्या माणसाला, दर्या कधीतरीच पाहिलेल्या मी, “असा मासा नसतो” कसं सांगितलं? हातात खडू होता म्हणून.

आज थोडं बदललं आहे, अल्हमदुलिल्लाह. २०१८ च्या डिसेंबरपासून राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष यांची योजना आहे : संरक्षित सागरी जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचा फोटो लागतो. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. वाचकांना आठवत असेल, २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला दुसऱ्या जातीच्या देवमाशाचं पिल्लू लागलं होतं. लोकांनी रात्रंदिवस खपून त्याला पाण्यात नेलं. ते वाचलं नाही, पण साऱ्या महाराष्ट्राने ते पाहिलं. तांडेलचाचांकडे १९९६ मध्ये फोटो नव्हता. त्यांच्याकडे फक्त शब्द होता, आणि त्या शब्दाची किंमत ठरवायला लोक माझ्याकडे आले होते.

त्या दिवशी चाचांच्या जाळ्यात हंपबॅकच होता, असं मी आजही शपथेवर सांगणार नाही. मी तिथं नव्हतो. पण त्यांनी जसं वर्णन केलं तसा मासा असतो, तो आपल्या अरबी समुद्रात बाराही महिने राहतो, आपल्या किनाऱ्यासमोरून तो गेल्याची नोंद आहे, आणि ज्याने हे पाहिलं त्याला खोटं ठरवण्याचा मला काही अधिकार नव्हता. हे मी, नाट्याच्या बाजूला आठ वर्षं गुरुजी म्हणून राहिलेला माणूस, नाट्याच्या सगळ्या लोकांसमोर लिहून देतो.

परत निघताना चाचांच्या कबरीवर जाऊन फातिहा पढली. एसटीत बसल्यावर त्याने खिडकीतून एक पुडकं दिलं. सुकट असेल असं वाटलं. घाट चढताना उघडलं तर तांदळाच्या भाकऱ्या होत्या, कापडात बांधलेल्या, अजून गरम.